पिठाचा रांजण

ओझेनिल्दाच्या शेतात जुने अवशेष शोधायला खणलेल्या चरातून रांजण निघाला, आत तान्ह्या बाळाची हाडं. अॅमेझॉनकाठच्या काळ्या मातीत कसावा लावताना तिच्या नवऱ्यालाही पूर्वी असाच रांजण सापडला होता. आतली माती त्यानं घरामागच्या ताडाखाली ओतली. रांजण तिनं पिठाला घेतला. "त्यातही बाळच होतं का गं?" तिनं विचारलं. "असणार, मावशी," खोदकामवाली माइरा म्हणाली. "हजार वर्षांपूर्वी इथं कसावा पिकवणारे तान्ह्यांना असंच पुरायचे. हाडं विरली असतील." "अगं बाई, त्याच्या घरात मी पीठ भरलं!" ओझेनिल्दानं तडक घरी जाऊन पीठ चटईवर ओतलं, रांजण ताडाखाली आणला. माती भरायला वाकली आणि थांबली. तिचं जन्मताच गेलेलं लेकरूही तिथंच पुरलं होतं. "कुणाची माती कुठली, कसं कळणार?" मागून आलेली माइरा पुटपुटली. ओझेनिल्दानं रांजण तिथंच पालथा घातला. "राहू दे, पोरी. मला वाटायचं, माझं एकटंच निजलंय."