उद् म्हणजे वर

"हलू नका! हलाल तेवढे रुताल!" फळीवर पालथी पडून मुकादमबाई खाली ओरडली.

खाली एक म्हातारे गृहस्थ छातीपर्यंत चिखलात उभे होते. नळ टाकायला खणलेल्या चराची कड त्यांच्या पायाखालून ढासळली होती. त्यात जुना नळ फुटला आणि पाणी भसाभस चरात भरू लागलं. बाईने कसाबसा त्यांच्या काखेतून पट्टा ओवला. वर चार गडी दोर धरून तयारच होते.

"ओढू?"

"थांबा रे! आत्ता ओढलं तर कमरेतून निखळतील. पाणी मुरू दे, चिखल सैल होऊ दे."

पाणी खांद्याला लागलं. म्हाताऱ्यांचे डोळे मिटू लागले.

"ओ काका, बोलत राहा! काय करता तुम्ही?"

"शब्दकोश... शब्दांची मुळं शोधतो."

"मग सांगा की एखादं! आत्ता कामाला येईल असं!"

ते थरथरत हसले. "उद्धार. उद् म्हणजे वर. हृ म्हणजे... नेणं. पुण्यबिण्य, मोक्षबिक्ष मागून चिकटलं. मुळात एवढंच. खालचं वर काढायचं. विहिरीतलं पाणी काढलं, तरी उद्धारच."

"म्हणजे आमचंच काम की हो!"

पाणी हनुवटीला टेकलं. वरचे गडी रडकुंडीला आले. बाईने म्हाताऱ्यांच्या कुशीजवळ चिखलात कोपरापर्यंत हात खुपसला. हात सहज फिरला. ती ताडकन उठली, दोराला भिडली.

"ओढा!"

दोर ताठ झाला. म्हातारे कळवळले, आणि एवढ्या विद्वान माणसाच्या तोंडून बाईच्या सात पिढ्यांना अशा काही शिव्या गेल्या, की गडी ओढता ओढता हसू लागले. पचाककन चिखलाने त्यांना सोडलं. एक बूट तेवढा ठेवून घेतला.

काठावर धापा टाकत ते म्हणाले, "माफ करा बाई. मी तुमचा..."

"उद्धार केलात! मीही तुमचा केला. फिटंफाट!"

जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या.

"बाई, दोर सोडा आता," एक गडी म्हणाला.

बाई हसतच होती. मूठ मात्र उघडेना.

मग म्हातारेच सरकत तिच्याजवळ आले, आणि तिचं एकेक बोट हलकेच उलगडू लागले.