शोधकर्त्याचं नाव

"ते सगळं ठीक आहे हो, पण यात तुम्ही नवीन काय शोधलंत?" पडद्यावरच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारी बाईंनी मुकुलला विचारलं.

वागळे इस्टेटमधल्या आपल्या गाळ्यात तो लॅपटॉपसमोर बसला होता. शेजारी त्याची पेटंट एजंट ऋजुता. या सुनावणीसाठी तीन वर्षं काढलेली. चांगली नोकरी सोडली, सासऱ्यांची बोलणी खाल्ली आणि एक यंत्र केलं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला घरात काही झालं तर बाहेर कळवणारं. ते बनवायला तयार झालेला कारखानदार पेटंटवर अडून बसला होता. आज अर्ज नामंजूर झाला असता तर यंत्र टेबलावरच राहिलं असतं.

बाई आधीच्या शोधांचा एकेक दाखला पुढे टाकत होत्या. मनगटाचा पट्टा आहे, गळ्यातलं बटण आहे, पडल्यावर शिट्टी मारणारी काठीसुद्धा आहे. "सगळी सेन्सरवालीच. मग तुमचं वेगळं काय?"

"मॅडम, पट्टा म्हातारी माणसं काढून ठेवतात. बटण दाबायला शुद्ध तर हवी! माझा सेन्सर नळाच्या पाइपावर बसतो. आमच्या डोंबिवलीच्या घरी पाणी सकाळी सहाला येतं, पाऊण तासात जातं. अंगात ताप असो, घरात लग्न असो, माणूस उठून पाणी भरतोच. पाइपात पाणी आलंय आणि पंधरा मिनिटांत नळ सोडला नाही, की शेजारच्या घरात घंटा वाजते."

बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांच्याकडेही पाण्याची तीच तऱ्हा असावी.

"म्हणजे माणसाने रोजचं काम केलं नाही तर वाजणारं यंत्र. हे मात्र कुठल्याच दाखल्यात नाही. सुचलं कसं तुम्हाला?"

ऋजुताने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दाबला. अर्जात शोधकर्ता म्हणून एकट्या मुकुलचं नाव होतं. 'सहज सुचलं' एवढं म्हणायचं आणि सुटायचं. कोण विचारतंय पुढे?

पण मुकुलच्या तोंडून ते निघेना. "मला नाही सुचलं, मॅडम," तो म्हणाला.

ऋजुताने डोळे मिटून घेतले.

मुकुलने सगळं सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या घरी एकटे राहणारे त्याचे वडील हरिहरराव पहाटे मोरीत कोसळले. अर्धांगाचा झटका. मुकुल तेव्हा ठाण्यात, वर्तकनगरच्या घरात गाढ झोपलेला. शेजारच्या सखुबाईंच्या लक्षात आलं, की पाणी आलंय आणि हरिहररावांचा नळ काही वाजला नाही. त्यांनी चार माणसं गोळा करून दार फोडलं. अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. "माझे बाबा आज चालतात, बोलतात, मला रागावतात, ते सखुबाईंमुळे. यंत्र मी केलं, पण डोकं त्यांचं."

अधिकारी बाईंनी अर्ज पुन्हा उघडला. "मग त्यांचं नाव आधी हवं होतं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, सोबत त्यांची सही. खरी नावं आली तर माझी हरकत नाही. नाही आली तर मला अर्ज नामंजूर करावा लागेल."

संध्याकाळी मुकुल डोंबिवलीत हजर. सखुबाई दारात सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांच्या सासऱ्याच्या शेतावरच ही बिल्डिंग उभी राहिलेली. तळमजल्यावरच्या घरात बाई एकट्या राहत. मुकुल सरळ पाया पडला.

"आज काय दिवाली हाय का रं?" त्या हसल्या.

त्याने कागद पुढे केला, सगळं समजावून सांगितलं. "मावशी, तुमच्यामुळे बाबा दिसतायत मला. हे काही फिटायचं नाही. निदान तुमचं नाव तरी लागू दे."

सखुबाईंनी हात पदराला पुसले. कागद घेतला, पाहिला आणि परत दिला. "मी नाय सही करायची."

"मावशी, असं काय करता! सही नसेल तर सगळं बुडेल."

"मंग खोटी करू? युगत माजी नाय. तुज्या बापाची हाय."

"बाबांची? ते तर कधी एका शब्दाने बोलले नाहीत."

"बोलंल कसा? एकट्या बाईच्या घराला कान लावून असतो, असं लोकांनी म्हटलं असतं ना! माजी अब्रू राखली त्यानं." बाईंचा आवाज उतरला. "बारा वरसं झाली. मालकांचा तेरावा झाला, पावनी गेली, आन मी ठरवून पडलेली. आता उठायचंच नाय. पानी आलं, तरी पडूनच. तं दारावर थाप. तुजा बाप. आत आला नाय, काय इचारलं नाय. भायेरनंच बोलला, 'सखुबाई, पाणी आलंय, जाईल हां.' मी उठून नल सोरीपरत हलला नाय तिथून."

मुकुलने कागदाची घडी घातली.

"तवापासून माजा नल वाजल्याबिगर आपला सोरत नाय तो. रोज आधी माजा, मंग त्याचा. त्या दिशी माजा वाजला आन त्याचा वाजलाच नाय. म्हून मना कललं, पोरा."