उसनं पातेलं

आमची नात इरा झांबियातल्या आडगावात डोळेतपासणीचं शिबिर घ्यायला गेली आणि पहिल्याच दिवशी फोनवर रडकुंडीला आली. “आजी, खुर्च्या रिकाम्या! उद्याही कोणी आलं नाही, तर शिबिर बंद.” मी स्टुटगार्टहून झापलं, “शहाणे, पाट्या लावून कोण येतं? घरोघरी जा, पातेली उसनी माग, गावाला जेवू घाल. पातेलं परत न्यायला बाई येतेच!” “आल्झो, असं कुठे असतं?” असं जर्मन ठसक्यात म्हणाली, पण गेली. दुसऱ्या दिवशी फोनमध्ये बघते, तर अंगण माणसांनी भरलेलं! सगळ्यांत पुढे माझ्याच वयाची म्हातारी, इराने घासलेलं पातेलं काखेत धरून. इराने तिला चष्मा चढवला. तिने पातेल्यात पाहिलं आणि जी कडाडली! “आजी, काय चुकलं?” तिची भाषा मला कुठे येते? पण बोट जळक्या डागावर होतं. “चष्मा बरोबर लागलाय. पातेलं पुन्हा घास.”