आठ वाट्या दही

"ही आईची! ही तुझी, आंबट! ही पण आईची!" माझ्या ओढणीने डोळे बांधलेला माझा नवरा, निरंजन, चमचे चाटत ठणकावून सांगत होता.

अकरा वर्षं त्याला दही आईच्याच हातचं लागायचं. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून रीतसर प्रयोग मांडला. चार वाट्यांना सासूबाईंनी विरजण लावलं, चार वाट्यांना मी. नावाच्या चिठ्ठ्या मीच बुडाला चिकटवल्या आणि सोडत काढून क्रम ठरवला. तो हरला, तर यापुढे विरजण त्यानेच लावायचं.

निरीक्षण: आठपैकी आठ चूक.

मी नाचणारच होते, पण शंका आली. नुसत्या अंदाजाने सांगितलं असतं, तरी साधारण निम्म्या वाट्या बरोबर आल्या असत्या. आठही चुकायला चव अगदी अचूक कळावी लागते. म्हणजे चिठ्ठ्यांचीच कुणीतरी अदलाबदल केली होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. रोजच्या विरजणाला कंटाळलेल्या त्या माउलीच्या अंगठ्याला अजून डिंक होता.

"प्रयोग पुन्हा करायचा का गं?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

निष्कर्ष: "नको हो आई, विज्ञानाला एवढा पुरावा पुरतो. निरंजन, दूध कोमट करायला घे."