रिकाम्या भट्टीचे नऊ दिवस

"मॅडम, नऊ दिवस तुम्ही काय हवा भाजत होतात का?"

फोनवरचा कारकून तसा वाईट नव्हता. अर्ज सरळ परत न पाठवता त्याने आधी फोन केला होता. तिने जोडलेल्या वर्षभराच्या नोंदींत सलग नऊ दिवस असे होते, की कारखान्यातून एकही नग बाहेर पडला नव्हता आणि वीज मात्र जळतच होती. काम झालं असेल तर कामाची नोंद जोडा, बिघाड असेल तर दुरुस्तीचा कागद जोडा, दोन्ही नसेल तर खुलासा लिहा, असं त्याने सांगितलं. रकाना कोरा दिसला की वरचे साहेब अर्ज बाजूला टाकतात. मुदत आज पाचपर्यंत.

साडेतीन वाजले होते. वडिलांच्या खुर्चीत ती अजूनही कडेलाच बसायची. समोरच्या काचेपलीकडे भट्टी होती. गाड्यांची दातेरी चाकं लाल होईपर्यंत तापवायची आणि तेलात बुडवायची, की पोलाद कडक होतं. एवढंच काम, पण त्यावर चौदा घरं चालत होती. भट्टी जुनी, वीज गिळणारी. सरकारी खर्चाने ऊर्जा तपासणी मंजूर झाली, तर माणसं येऊन उष्णता कुठून निसटते ते दाखवणार होती आणि त्या अहवालावर नवी भट्टी मिळण्याची वाट होती. नाही झाली, तर धाकट्या काकांनी कारखान्याच्या जागेला गोदामासाठी गिऱ्हाईक बघूनच ठेवलं होतं. चांगली शाळेतली नोकरी सोडून तेलाचा धूर खायला बसलीये, असं ते येईल त्याला सांगत. सकाळीच त्यांनी फर्मावलं होतं, बिघाड लिही आणि मोकळी हो.

तिने मीटरची वही उघडली. रोज सकाळी आठचा आकडा. वडिलांचे आकडे उजवीकडे कललेले, घाईतले. एका मंगळवारपासून भट्टी सांभाळणाऱ्या मिस्त्रींचे, शाळेतल्या मुलासारखे गोल आणि मोठे. तो मंगळवार तिला तारखेसकट पाठ होता. त्याच दिवशी तिने दवाखान्यातून फोन करून सगळ्यांना सुट्टी द्यायला सांगितलं होतं.

तिने मिस्त्रींना बोलावलं.

ते हात पुसत आले आणि दारातच उभे राहिले. तिने वही पुढे केली. त्यांनी चष्मा न लावताच पाहिल्यासारखं केलं.

"बिघाड लिहा, ताई. जुनी मशीन आहे, कोण विचारतंय."

"झाला होता बिघाड?"

ते काचेपलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही."

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. त्या सकाळी वडिलांना गाडीत बसवलं, तेव्हा त्यांनी काच खाली करायला लावली होती. घामाने भिजलेले, छाती धरलेली. आणि सांगितलं काय, तर भट्टी थंड होऊ देऊ नका, संध्याकाळपर्यंत येतो. एकदा थंड झाली की वर चढायला अख्खा दिवस घेते, आणि दुसऱ्या दिवशी मोठं काम भरायचं होतं. मिस्त्रींनी माणसं घरी पाठवली आणि भट्टी तशीच ठेवली. रोज डबा घेऊन येत, वहीत आकडा मांडत, आणि तापलेल्या रिकाम्या भट्टीसमोर बसून राहत.

"पण तिसऱ्याच दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं, मिस्त्री. डॉक्टर काय म्हणाले ते."

"सांगितलं होतं."

"मग?"

"बटणापर्यंत हात गेला होता. म्हटलं, मी इकडे बंद करायची आणि तिकडे साहेबांनी…" ते थांबले. "खुळेपणाच आहे. पण रोज तसंच व्हायचं."

संगणक पुढे ओढून तिने रकान्यात लिहिलं: मालक आजारी होते. ते परत येतील म्हणून भट्टी तापती ठेवली. वाचून पाहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढे गेली, तर आणखी एक रकाना उघडला. वापर थांबवण्याचा निर्णय कोणी घेतला, त्याचं नाव.

"माझं घाला," मिस्त्री म्हणाले. "मीच दाबलं बटण."

"कधी?"

"नवव्या दिवशी. तुमचा फोन आला, तेव्हा."

तो फोन तिने दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून केला होता. त्याच्या तासभर आधी डॉक्टरांनी एक कागद पुढे धरला होता. श्वासाचं यंत्र काढायला घरच्यांची हरकत नाही, असा. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. धाकटे काका पाणी आणतो म्हणून गेले, ते लवकर आलेच नाहीत. पेन डॉक्टरांनीच दिलं होतं.

तिने रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सावकाश, आडनावासकट.

मिस्त्रींनी आता खिशातून चष्मा काढला आणि वाकून वाचलं. रकान्याखालची बारीक ओळही वाचली. निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी तपासणीच्या वेळी समक्ष बोललं जाईल, असं तिथे होतं.

"ताई, तुमचं कशाला? ते येतील तेव्हा विचारतील तुम्हाला."

"विचारू देत," ती म्हणाली. "अजून कोणी विचारलंच नाही."