साखराबाईंचा कठडा

"आणखी वर घे," साखराबाई म्हणाल्या.

वेल्डर आसारामचा खडू थांबला. माणसाला उभं करायचं, हात मोकळा सोडायला लावायचा आणि मनगटापाशी भिंतीवर खूण करायची, ही त्याची कठड्याचं माप घेण्याची पद्धत. साखराबाई बुटक्या. खूण अगदी मनगटावर आली होती.

"मावशी, याच्या वर हात अवघडंल तुमचा."

"अवघडू दे. मला लोंबकळत चालायला बरं वाटतं."

आसारामने ओट्यावर बसलेल्या मुंजाजीआबांकडे पाहिलं.

"ती म्हणंल तसं कर बे," आबा म्हणाले. "का म्हणून इचारू नको."

आबा म्हणजे नांदूरघाटातला ताडमाड, हट्टी माणूस. उभा जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेलेला. मागच्या साली लेकाने बीडहून झकास मुठीची काठी आणली, तर ती त्यांनी गोठ्यात भिरकावली. "काठी शेळ्या वळायला असती, मला वळायला न्हाई!"

असा माणूस, पण दिवाळीपासून बायको लंगडायला लागली आणि स्वतः आसारामच्या दुकानात आला. शेजारची बायनाबाई दगडी पायऱ्यांवरून घसरली ती खाटेवरून पुन्हा उठलीच नाही. "साखरा म्हणती, आपल्या घरात तसं व्हायला नको," एवढंच आबा बोलले. आसारामला गलबलून आलं होतं.

ओट्याच्या पायऱ्यांशेजारी लांब, निवांत उतार झाला. साखराबाईंनी उभं राहून काम करून घेतलं. सिमेंट गुळगुळीत करू दिलं नाही. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढायला लावल्या. कठड्याचा पाइप उतार संपतो तिथेच तोडू दिला नाही, हातभर पुढे न्यायला लावला. शेवटचं पाऊल जमिनीवर टेकेपर्यंत हात सुटायला नको, म्हणाल्या. बाईचं डोकं पाहून आसाराम चाटच पडला.

त्यानंतर आबा रोज सकाळ-संध्याकाळ कठडा धरून उतारावरून वरखाली करू लागले. "हिच्यासाठी पक्का हाय का बघतो," असं आल्यागेल्याला सांगायचे. मागून साखराबाई लंगडत यायच्या. सगळी गल्ली आबांचं कौतुक करायची. आसारामने तर घरी बायकोला ही गोष्ट इतक्यांदा ऐकवली, की शेवटी तिची बोलणी खाल्ली.

एका दुपारी तो कठड्याला रंगाचा दुसरा हात द्यायला आला. अंगणात ज्वारी वाळत होती. साखराबाई ओट्यावर निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात एक शेळी सुटली आणि तिने ज्वारीत तोंड घातलं.

साखराबाईंनी सूप टाकलं, नऊवारीचा काष्टा खोचला आणि ओट्यावरून थेट अंगणात उडी मारली. उतार नाही, पायरी नाही, कठडा तर नाहीच. शेळी पुढे, बाई मागे, दोघी पार वेशीपर्यंत पळाल्या.

आसाराम रंगाचा डबा धरून तसाच उभा. त्याने कठड्याकडे पाहिलं. मग गोठ्याकडे पाहिलं, तर दारात मुंजाजीआबा उभे. सगळं बघत होते.

"ते... मावशी..." आसाराम चाचरला.

आबा सावकाश उताराशी आले. कठड्यावर हात ठेवला. कठडा बरोबर त्यांच्या मनगटाच्या उंचीला होता.

"तिच्यापुढं काय बोलू नको," ते हळूच म्हणाले. "लई मेहनतीनं लंगडती ती."