गावापुरतं मीठ

"तर मग तय झालं," व्याही बळवंतराव कपबशी खाली ठेवत म्हणाले. "अवंतिकानं कीर्तन करावं, आमची ना नाही. घरी करावं, माधवगंजातल्या देवळात करावं. ग्वाल्हेरबाहेर मात्र नाही. सून गावोगाव हिंडते, हे आम्हाला शोभत नाही."

माहेरी येऊन बसलेल्या लेकीकडे दिनकररावांनी गड सर केल्यासारखं पाहिलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. तडजोड म्हटली की त्यांना नुसतं भरून यायचं. "अगं, करार असाच होतो. दोन पावलं त्यांनी यायचं, दोन आपण. गांधीजी नाही का आयर्विनसाहेबाशी बोलायला गेले? मिठाचा हक्क पदरात पाडून घेतला!"

अवंतिकाचा नवरा ध्रुव मान खाली घालून गालिच्याचा धागा ओढत होता. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती. उद्या उज्जैनला तिचं कीर्तन होतं, गावाबाहेरचं पहिलंच.

"बाबा, ते मीठ विकता येत होतं?" तिनं विचारलं.

"येत होतं की! समुद्राकाठच्या लोकांनी मीठ करावं, खावं, गावातल्या गावात विकावं."

"आणि गावाबाहेर?"

दिनकरराव अडखळले. "गावाबाहेर... नाही."

"टिकला किती तो करार?"

"वर्षभरसुद्धा नाही. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग."

बळवंतराव वैतागले. "अहो, इथं पोरांच्या संसाराचं चाललंय आणि तुम्ही मीठ काय घेऊन बसलात? तुटेपर्यंत ताणू नये माणसानं. हो म्हणा आणि मोकळे व्हा."

दिनकररावांना स्वतःचीच लाज वाटली. पोरीला एका शब्दानं न विचारता ते हो म्हणून बसणार होते.

"हो म्हणणारा मी कोण?" ते म्हणाले. "तिला विचारा."

"मामंजी, मला घरी यायचंच आहे," अवंतिका म्हणाली. "पण उज्जैन करून येईन."

बळवंतराव ताडकन उठले. "चल रे ध्रुव!" चपला सरकवून ते फाटकापाशी पोचलेसुद्धा.

ध्रुव उठला. दारापर्यंत गेला, थांबला. बॅग उचलून तिचं वजन पाहिलं. मग फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "अवंती, उज्जैनची गाडी कितने बजे की है?"